कुलूप: आईच्या खर्चाच्या वहीसाठी (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२४, रविवार

कारण आधी लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवणार नाही की हा उद्योग का मांडला.

आई रोजचा खर्च लिहिते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती सांगते आणि मी लॅपटॉपवर टाइप करतो. महिन्याला एक साधी टेक्स्ट फाईल. वर तिच्या हुकुमाप्रमाणे "॥ श्री ॥", खाली तारीख, मग दूध, भाजी, रिक्षा, गोळ्या. शेवटी एफडीचे नंबर आणि मुदती. मागच्या आठवड्यात प्रिंट काढायला गेलो आणि पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात विसरलो. पोरगा भला निघाला. मालक कोण हे बघायला त्याने फाईल उघडली, नंबर शोधून फोन केला. पेनड्राइव्ह हातात देताना विचारलं, "काकूंची शुगर आता कशी आहे?"

घरी येऊन ठरवलं, फाईलला कुलूप लावायचं. तयार साधनं आहेत, ती चांगली आहेत, हे माहीत आहे. पण वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून स्वतः बनवून बघणार. नाव: कुलूप.

एकच नियम सुरुवातीला भिंतीवर चिकटवला. पद्धत जगाला कळली तरी चालेल, फक्त चावी गुप्त राहिली पाहिजे. हे ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनाबद्दल मांडलं होतं. आम्हाला वाड्यात ते 'च'च्या भाषेने शिकवलं. "चलाम चरघ" म्हणत आम्ही आठवडाभर ऐटीत फिरलो. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्याच भाषेत झापलं. त्या भाषेला चावीच नव्हती, नुसती पद्धत होती.

४ जून

०.१ चालू झालं.

मूळ कल्पना सोपी आहे. फाईल म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची रांग. असा एक आकडा म्हणजे एक बाईट, आठ बिटांचा, आणि बिट म्हणजे ० किंवा १. तेवढीच लांब रँडम आकड्यांची दुसरी रांग घ्यायची आणि आकड्यावर आकडा ठेवून एक्सॉर करायचा: बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. 'क' या अक्षराचा शेवटचा बाईट १४९. त्यावर ७७ ठेवला की २१६ येतो. २१६ वर पुन्हा ७७ ठेवला की १४९ परत. लावायचं आणि काढायचं यंत्र एकच, याचं अजून कौतुक वाटतं.

रँडम आकडे कुठून आणायचे? कॉलेजातल्या सी भाषेच्या वहीत एक सूत्र सापडलं: मागचा आकडा गुणिले ११०३५१५२४५, अधिक १२३४५, आणि २१४७४८३६४८ ने भागून उरेल ती बाकी. सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, हीच चावी. नऊ आकडी चावी घेतली. मला बाईट हवेत, म्हणून प्रत्येक आकड्याचे शेवटचे आठ बिट उचलले.

मे महिन्याची फाईल टाकली. नोटपॅडमध्ये उघडल्यावर नुसता कचरा. झोप छान लागली.

५ जून

सकाळी सहज आकडे छापून बघितले. १ पासून सुरुवात केली तर:

१६६, २३१, १४८, ६१, ५०, १३१…

सम, विषम, सम, विषम, सम, विषम. पान भरलं तरी क्रम मोडला नाही. मोदकाच्या साच्यातून निघाल्यासारखे.

कागदावर मांडल्यावर कळलं. भाजक दोनाचा घात आहे, त्यामुळे खालचे आठ बिट वरच्या बिटांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं स्वतःचं छोटं चक्र आहे, २५६ आकड्यांचं, आणि चावी कोणतीही घेतली तरी चक्र तेच. फक्त सुरुवात कुठून होते ते बदलतं. म्हणजे माझी नऊ आकडी चावी प्रत्यक्षात २५६ चाव्यांपैकी एक. झेरॉक्सवाल्या पोराने हाताने करून बघितलं असतं तरी दुपारपर्यंत उघडलं असतं.

०.१ कचऱ्यात.

९ जून, रविवार

खालचे बिट सोडून वरचे घेता येतात, पण या जातीच्या सूत्रांवरूनच मन उडालं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रँडू नावाचं असंच एक सूत्र होतं, गुणक ६५५३९. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात ठिपके मांडले तर सगळे ठिपके जेमतेम १५ समांतर पातळ्यांवर पडतात. लोकांनी त्यावर शास्त्रीय गणितं केली होती.

पायथनकडे, म्हणजे प्रोग्रामिंगच्या दुसऱ्या एका भाषेकडे, वळलो. त्याच्या रँडम मॉड्यूलमध्ये रँडम आकडे देणारा मर्सेन ट्विस्टर आहे, माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९७ मध्ये बनवलेला. आकड्यांची पुनरावृत्ती २ चा १९९३७ वा घात वजा १ इतक्या आकड्यांनंतर होते. हे वाचल्यावर आपण सुरक्षित आहोत असं वाटणारच. माहितीपत्रात मात्र ठळक इशारा आहे की हे सुरक्षेसाठी वापरू नका. मी तो वाचला आणि पुढे गेलो. इमानदारीने लिहून ठेवतो.

०.२ मध्ये सीड म्हणून घड्याळाची वेळ घेतली, सेकंदात. वर्षात ३,१५,३६,००० सेकंद असतात, एवढ्या चाव्या कोण बसून लावणार?

रात्री भाचीला फोनवर सांगितलं. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, फाईल कधी सेव्ह केलीस ते फाईलवरच लिहिलेलं असतं ना रे?"

असतं. तारीख कळली की दिवसाचे सेकंद ८६,४००. प्रोग्राम लिहून सगळे लावून बघितले. चहा गाळून कप टेबलावर येईपर्यंत आईची फाईल उघडली.

एकच समाधान, या चुकीत मोठी माणसंही आहेत. १९९५ मध्ये इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरचं कुलूप याच वाटेने उघडलं होतं. तिथेही सीड वेळेवरून आणि प्रोसेसच्या नंबरांवरून (चालू प्रोग्रामला संगणक देतो तो क्रमांक) बनत होतं. २००८ मध्ये डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं उघडकीला आलं: एका दुरुस्तीत रँडमपणाचा बाकी सगळा कच्चा माल वगळला गेला होता आणि उरला फक्त प्रोसेस नंबर, म्हणजे ३२,७६७ शक्यता. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

१६ जून

०.३. आता वेळ नाही, सांकेतिक वाक्य. मजकुराचं सीड दिलं तर पायथन आधी त्यावर एसएचए-५१२ हा हॅश चालवतो (हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरातून ठरावीक लांबीचा आकडा काढणारं, उलटं न फिरणारं यंत्र), तेव्हा त्या बाजूने निर्धास्त.

तपासणीही केली. गुप्त फाईलमध्ये ० ते २५५ पैकी प्रत्येक आकडा किती वेळा येतो त्याचा आलेख काढला. इस्त्री केल्यासारखा सपाट. झिप केली तर फाईल लहान होईना. यापेक्षा जास्त काय पाहिजे?

बारा महिन्यांच्या बारा फायली, प्रत्येकी साधारण १८,००० बाईट, आणि माझा प्रोग्राम भाचीला पाठवला. वाक्य दिलं नाही. उघडून दाखव म्हटलं, एक पैठणी माझ्याकडून. (पैठणीचं आईला सांगितलेलं नाही.)

२२ जून, शनिवार

भाची सकाळीच आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "एप्रिलमध्ये गोळ्यांचा खर्च दुप्पट का रे झाला?"

मग कॅलेंडरचं मागचं पान काढून बसलो. काय केलं ते तिने जसं दाखवलं तसं उतरवतो, कारण सगळ्या प्रकल्पात शिकण्यासारखं हेच आहे.

पहिली गोष्ट गणिताशिवाय दिसते. बाराही गुप्त फायलींचे पहिले २० बाईट एकसारखे. का? कारण बाराही फायलींवर "॥ श्री ॥" आहे आणि बाराही फायलींना मी एकच वाक्य लावलं. वाक्य तेच तर रँडम रांग तीच. आईचा श्रीकार कुलपातून जसाच्या तसा डोकावत होता.

दुसरी गोष्ट मला माहीत असायला हवी होती, मी रोज मराठी टाइप करतो. संगणक 'श्री' असा ठेवतो:

२२४ १६४ १८२, २२४ १६५ १४१, २२४ १६४ १७६, २२४ १६५ १२८

श, पाय मोडायची खूण, र, आणि दीर्घ ईकार. देवनागरीची कोणतीही खूण घ्या, तीन बाईट. पहिला कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५, म्हणजे आठपैकी सात बिट ठरलेले. तिसरा १२८ ते १९१ मध्येच, म्हणजे त्याचेही वरचे दोन बिट ठरलेले. आठ अधिक सात अधिक दोन. २४ बिटांतले १७ बिट मजकूर न वाचताच माहीत! इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा मराठी लिहिणारा या बाबतीत जास्त उघडा पडतो, असं ती म्हणाली. मला थोडं लागलं.

आता एप्रिल आणि मे या दोन गुप्त फायली एकमेकींवर एक्सॉर करायच्या. रँडम रांग दोन्हीकडे सारखी, ती स्वतःलाच खाऊन टाकते. उरतो एप्रिलचा मजकूर एक्सॉर मेचा मजकूर. माझ्या त्या मर्सेनचा यात मागमूसही नाही. पडद्यावर आकडे असे दिसत होते: ०, १, २३, ०, ०, ५८, ०, १, ९… दर तिसरा शून्य. मध्येच शून्यांची लय बिघडली की समजायचं, एका महिन्यात शब्द संपून जागा सुटली आणि दुसऱ्यात नाही. मग 'दूध', 'भाजी', 'रिक्षा' हे शब्द एका बाजूला सरकवत न्यायचे आणि दुसऱ्या बाजूला अर्थपूर्ण मराठी उमटतं का बघायचं. "रिक्षा" ठेवल्यावर दुसऱ्या महिन्यात "मेथी ज" उमटलं. पुढचं "ुडी" मीच मोठ्याने म्हणालो.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रातली माणसं जर्मनांच्या एनिग्मा या कूटयंत्राचे संदेश फोडायला असंच करत, संदेशात नेमका कोणता शब्द असणार याचा अंदाज बांधून. त्यांच्याकडे जर्मन हवामानाचे अहवाल होते. भाचीकडे आजीची मेथी.

तिसरी गोष्ट मर्सेनच्या वर्मावरची. त्याच्या पोटात ३२ बिटांचे ६२४ आकडे असतात, बस्. बाहेर पडणारे सलग ६२४ आकडे, म्हणजे २,४९६ बाईट, हाती लागले की उलट हिशेब करून पोटातले सगळे आकडे मिळतात आणि तिथून पुढची अख्खी रांग छापता येते. तिने एप्रिल-मेचे पहिले अडीच हजार बाईट हाताने सोडवले. पुढचं सगळं, बारा महिने, प्रोग्रामने तिच्या हातावर ठेवलं.

दोन रात्री लागल्या म्हणे. पैठणी द्यावी लागणार.

२६ जून

रुसून बसलो होतो, खोटं कशाला लिहू. काल रात्री ०.३ ला ठिगळ लावलं. दोन वेगवेगळे मर्सेन, दोघांच्या रांगांचा एक्सॉर, वर फाईल उलटी करायची. व्हॉट्सॲपवर टाकलं. उत्तर एका ओळीत आलं: "मामा, दोन सरळ रेषांची बेरीज सरळच असते." मर्सेनचा सगळा कारभार दोनाच्या अंकगणितात रेषीय आहे. दोन मिसळले तर समीकरणं दुप्पट होतात, सुटतात तशीच.

ठिगळ काढलं.

३० जून, रविवार. बाहेर मुसळधार

०.४. या वेळी सूत्रच नको. खरा रँडम, मजकुराएवढा लांब, एकदाच वापरायचा आणि जाळून टाकायचा. वन टाइम पॅड. गिल्बर्ट व्हर्नम याने १९१७ मध्ये तारयंत्रासाठी पट्टीवरच्या छिद्रांनी मजकुरात चावी मिसळायची युक्ती काढली. पट्टीवरची चावी रँडम हवी आणि पुन्हा वापरायची नाही हे जोसेफ मॉबोर्न यांनी जोडलं. आणि ते फुटूच शकत नाही हे क्लॉड शॅनन यांनी गणिताने सिद्ध केलेलं १९४९ मध्ये छापून आलं. फुटत नाही म्हणजे संगणक कितीही मोठा आणला तरी नाही, कारण गुप्त मजकुरातून त्या लांबीचा कोणताही मजकूर सारख्याच शक्यतेने निघू शकतो. मेथीही, कोथिंबीरही.

खरा रँडम आणायचा कुठून? आई म्हणाली, "कवड्या घे की."

सारीपाटाच्या सहा कवड्या निघाल्या. पालथी म्हणजे ०, उताणी म्हणजे १. आधी एकच कवडी ३०० वेळा टाकली, १८७ वेळा पालथी पडली. पाठ फुगीर, पोट सपाट, ती समसमान पडेलच कशी. पण यावर जॉन फॉन नॉयमन यांची १९५१ ची सुंदर युक्ती आहे. तीच कवडी दोनदा टाकायची. पालथी-उताणी आली तर ० लिहायचा, उताणी-पालथी आली तर १. दोन्ही वेळा सारखी पडली तर ती जोडी सोडून द्यायची. कवडी कितीही पक्षपाती असो, पालथी-उताणी आणि उताणी-पालथी यांची शक्यता सारखीच राहते. अट एवढीच की पक्षपात दोन्ही फेकींत तोच हवा आणि एका फेकीचा दुसरीवर परिणाम नको.

प्रत्येक कवडीचा कल वेगळा, म्हणून जोडी त्याच कवडीची लागते. कवड्यांना मार्करने १ ते ६ नंबर टाकले. आई टाकणार, मी लिहिणार. दोन्ही हातांत खुळखुळवून सतरंजीवर. कडेवर उभी राहिली तर ती जोडी रद्द. सोफ्याखाली गेली तर आईच्या मते "पडली तशी धर", माझ्या मते रद्द. वाद झाला. रद्द ठरलं.

२४० फेकी झाल्या. आईचा हात दुखायला लागला, विजाही कडाडत होत्या. हिशेब: १२० जोड्या गुणिले ६ कवड्या, ७२०. त्यातल्या उपयोगी ३३९. ३३९ बिट म्हणजे ४२ बाईट आणि वर तीन बिट.

४२ बाईटांत "॥ श्री ॥" बसतं, खाली जूनची पहिली तारीख बसते, आणि दुधाचं 'दू'. 'ध' उद्या.

एका महिन्याची फाईल १८,००० बाईट. रोज संध्याकाळी एवढ्याच फेकी केल्या तर सुमारे ४२५ दिवस. म्हणजे एका महिन्याचा खर्च झाकायला चौदा महिने कवड्या. आईने हिशेब ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "एवढ्यात मी वही लिहून कपाटाला खरं कुलूप लावलं असतं."

१ जुलै

कवड्यांऐवजी संगणकाकडूनच पॅड भरून घेता येईल, ऑपरेटिंग सिस्टिम चांगले रँडम बाईट देते. पण मग ते १८,००० बाईट ठेवायचे कुठे? त्याच पेनड्राइव्हवर ठेवले तर किल्ली कुलपालाच टांगल्यासारखं. दुसऱ्यावर ठेवले तर दुसरा पेनड्राइव्ह सांभाळायचा, आणि तो सांभाळता येत असेल तर फाईलच तिथे ठेवू.

शिवाय 'एकदाच' ही अट बोलायला सोपी. १९४२ च्या सुमारास युद्धाच्या घाईत सोव्हिएत बाजूने पॅडची हजारो पानं दोनदा छापली गेली. अमेरिकेने १९४३ मध्ये सुरू केलेल्या आणि १९८० पर्यंत चाललेल्या व्हेनोना प्रकल्पात त्या दुबार पानांमुळेच संदेशांचे तुकडे वाचता आले. भाचीने एप्रिलवर मे ठेवला, तोच प्रकार.

०.४ बाजूला. ते ३३९ बिट मात्र जपून ठेवले आहेत, आईच्या हातचे आहेत.

७ जुलै

०.५. थोडासा खरा रँडम, त्यातून लांब रांग, पण असं यंत्र वापरून की बाहेरचे आकडे बघून पोटातलं कळू नये. मर्सेनमध्ये नेमका हाच दरवाजा उघडा होता.

केलं असं:

कवड्यांचे पहिले १२८ बिट ही चावी. प्रत्येक फाईलसाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडून १६ ताजे बाईट, नॉन्स. तो गुप्त नसतो, फाईलच्या डोक्यावर उघडाच लिहायचा, पण पुन्हा वापरायचा नाही. मग चावी, नॉन्स आणि अनुक्रमांक एकत्र करून एसएचए-२५६ मधून काढायचे. दर वेळी ३२ बाईट मिळतात. अनुक्रमांक एकाने वाढवायचा, पुढचे ३२.

हॅशमधून मागे जाता येत नाही. भाचीला सलग दहा हजार बाईट उघडे करून दिले तरी अकरा हजारावा सांगता येऊ नये.

बारा फायली केल्या. पहिले वीस बाईट बारा ठिकाणी बारा प्रकारचे. श्रीकार दिसेना. आईला सांगितलं तर म्हणाली, "देव दिसत नाही म्हणून तू खूश?"

१४ जुलै

भाचीने फाईल फोडली नाही. बिघडवली.

जूनची गुप्त फाईल तिने परत पाठवली, "उघड" म्हणाली. उघडली. सगळं ठीक, फक्त १ जूनला "दूध ९४०". आमच्याकडे दोन लिटरचे १४० होतात. चावी तिच्याकडे नव्हती, रांग तिला माहीत नव्हती, तरी आकडा बदलला.

तिने मोजलं होतं. "॥ श्री ॥" चे २०, ओळ संपल्याचा १, "१ जून" चे १३, परत १, "दूध" आणि जागा मिळून १०. झाले ४५. त्यापुढे १ या अंकाचे तीन बाईट, म्हणजे अंक खरा ठरतो ४८ व्या बाईटवर. मराठी १ चा शेवटचा बाईट १६७, ९ चा १७५. दोघांचा एक्सॉर ८. तिने गुप्त फाईलमधला तोच बाईट (डोक्यावरचे १६ सोडून) ८ शी एक्सॉर केला. झालं. आत काय रांग आहे याच्याशी तिला देणंघेणंच नाही.

झाकणं आणि हात लागला का ते कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत हे मला माहीतच नव्हतं. लिफाफा जाड कागदाचा घेतला, लाखेची मोहर विसरलो.

मोहर म्हणजे एचमॅक. संपूर्ण गुप्त फाईल, नॉन्ससकट, दुसऱ्या वेगळ्या चावीबरोबर हॅश करून शेवटी ३२ बाईट जोडायचे. उघडताना आधी मोहर तपासायची, जुळली नाही तर आत बघायचंच नाही. रात्री साडेबाराला चाललं. ८ चा तोच खेळ करून बघितला: "मोहर तुटली आहे."

१७ जुलै, आषाढी

काम नाही. खिचडी.

२१ जुलै

चावी लक्षात कशी ठेवायची हा प्रश्न टाळत होतो. १२८ बिट कागदावर आहेत, रोज टाइप करताना आई मोठ्याने वाचून दाखवते, "शून्य, शून्य, एक, शून्य…" आणि खिडकी उघडी.

जुन्या ०.३ चं वाक्य काय होतं ते आता सांगायला हरकत नाही: गावाचं नाव आणि माझं जन्मसाल. भाची म्हणाली ते तिने सगळ्यात आधी लावून बघायला हवं होतं, उगाच दोन रात्री जागली.

उपाय, म्हणजेच ०.६: लुडोचा फासा. आईच्या वहीतले शब्द, भांडी, भाज्या, पाहुण्यांची गावं मिळून १,२९६ शब्दांची यादी केली. सहाचा चौथा घात. चार वेळा फासा टाकला की एक शब्द, म्हणजे दहा बिटांहून थोडा जास्त. आठ शब्दांना ३२ फेकी, साधारण ८३ बिट. यादी कुणाला मिळाली तरी बिघडत नाही, फासा कसा पडला ते कळायला हवं. निवड आपण करायची नाही हे मात्र कठीण. एक शब्द मला आवडला नाही म्हणून पुन्हा टाकायला गेलो, आईने हात धरला.

या आठ शब्दांवर पीबीकेडीएफ२ (सांकेतिक वाक्यातून मुद्दाम सावकाश चावी बनवणारी पद्धत) सहा लाख वेळा फिरवतो, त्यातून झाकायची आणि मोहरेची अशा दोन चाव्या. माझ्या लॅपटॉपवर अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. मला अर्धा सेकंद काहीच नाही, पण अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला तेवढाच खर्च. त्यात सॉल्ट, म्हणजे शब्दांबरोबर मिसळायचे रँडम बिट, लागतं, ते कवड्यांच्या उरलेल्या २११ बिटांतून १२८. पहिले १२८ घेतले नाहीत, कारण सॉल्ट उघडं लिहितात आणि ते बिट ०.५ ची चावी होते. हे मला कुणी न सांगता सुचलं. नोंद करून ठेवतो.

आठ शब्द आईने दोन दिवसांत पाठ केले, ओवीच्या चालीवर. मी अजून कागद बघतो.

४ ऑगस्ट

०.६ भाचीकडे दोन आठवडे होतं. फुटलं नाही. याचा अर्थ एवढाच की तिने, परीक्षा सांभाळून, दोन आठवड्यांत फोडलं नाही.

आज दोघांनी बसून तयार साधनांशी ताडून बघितलं. चॅचा२० नावाचं डॅनियल बर्नस्टाइन यांचं २००८ चं यंत्र आहे: चावी, नॉन्स, अनुक्रमांक, त्यातून रांग, रांगेचा एक्सॉर. चौकट माझीच! म्हणजे त्यांची, मी धडपडत तिथे पोहोचलो. फरक आतल्या मिसळणीत आणि तपासणीत. एईएस हे दुसरं तयार कुलूप निवडायला अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जाहीर आवाहन केलं, १५ प्रस्ताव आले, जगभरच्या लोकांनी ते भर सभेत ठोकून बघितले, २००० मध्ये योआन डेमन आणि विन्सेंट रायमन या बेल्जियन जोडीचा निवडला गेला, २००१ मध्ये मानक झालं. माझं कुलूप ठोकायला एक भाची, तीही पैठणीवर.

तेव्हा एफडीचे नंबर आजपासून तयार साधनात. फाशाचे आठ शब्द नवे टाकले. कुलूप ०.६ भाजीच्या यादीसाठी चालू ठेवणार, बंद करवत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

शेवटची नोंद असं समजून बसलो होतो. भाचीने जाता जाता तोच जुना पेनड्राइव्ह मागितला. त्यावर आता फक्त गुप्त फायली होत्या, उघड्या मी जूनमध्येच डिलीट केल्या होत्या. तिने पुसलेल्या फायली परत आणणारा एक फुकटचा प्रोग्राम चालवला. दहा मिनिटांनी एकूण नऊ फायली परत आल्या, "॥ श्री ॥" सकट, एफडीच्या मुदतींसकट. डिलीट म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतून नाव खोडणं, पानं तिथेच. वरून नवीन काही लिहिलं तरी पेनड्राइव्ह ते स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याच जागी लिहू शकतो, त्यामुळे जुनं पुसलं गेलंच असं नाही.

म्हणजे ०.१ पासून ०.६ पर्यंत सगळी कुलपं लावत होतो तेव्हा उघडी वही शेजारीच पडलेली होती.

नवा पेनड्राइव्ह आणला. त्यावर उघडी फाईल एकदाही ठेवायची नाही. जुन्याचं प्लास्टिक काढलं, आतली चिप मागच्या अंगणात खलबत्त्यात घातली आणि कुटली. पाचव्या घावाला तडकली. आवाजाने आई बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "झालं का? आता तो बत्ता दोनदा धू. संध्याकाळी दाण्याचं कूट करायचंय."